‘पुरे’ म्हणणारा कवी : रोमचा होरेस



ज्या कवीविषयी आज बोलायचे आहे तो आपल्या भाषेचा नाही, आपल्या देशाचा नाही. ज्या लॅटिन भाषेत त्याने लिहिले ती आज कोणाचीही मातृभाषा उरलेली नाही. तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या या रोमन माणसासाठी आपण एक संध्याकाळ का खर्चावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हटला पाहिजे. माझे उत्तर थोडक्यात असे आहे. ज्या पक्षासाठी आपण लढलो तो हरला, ज्या राज्यव्यवस्थेवर आपली निष्ठा होती ती बुडाली, आणि जिंकलेल्या माणसाच्या राज्यातच उरलेले आयुष्य काढायचे आहे, अशा वेळी शहाण्या व स्वाभिमानी माणसाने कसे जगावे? हा प्रश्न इतिहासात पुन्हा पुन्हा माणसांपुढे उभा राहिलेला आहे. होरेसपुढे तो वयाच्या बाविसाव्या वर्षी उभा राहिला, आणि पुढे त्याने जे जे लिहिले त्यात या प्रश्नाचे उत्तर हळूहळू घडत गेलेले दिसते.

होरेस म्हटला की पुष्कळांना एक सुखवस्तू गृहस्थ डोळ्यांपुढे दिसतो. द्राक्षवेलीच्या मांडवाखाली पेला घेऊन निवांत बसलेला. तो ठेंगणा आणि लठ्ठ होता असे स्वीटोनियस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवले आहे, त्यामुळे या चित्राला आधारही मिळतो. आजचा दिवस दवडू नये आणि कोणत्याही गोष्टीचा अतिरेक करू नये, एवढ्या दोन उपदेशांपुरतेच त्याचे नाव आता बहुतेकांच्या कानी येते. पण सुखवस्तू माणसाने सांगितलेला संतोष आपण कितीसा मनावर घ्यावा? भरल्या पोटी उपासाचा महिमा सांगायला काय लागते! म्हणूनच त्याच्या उपदेशाकडे वळण्यापूर्वी त्याचे चरित्र पाहिले पाहिजे. ते पाहिले म्हणजे कळते की हे शहाणपण भरल्या पोटी सुचलेले नाही.

क्विंटस होरेशियस फ्लॅकस हे त्याचे संपूर्ण नाव. इ. स. पू. ६५ च्या ८ डिसेंबरला दक्षिण इटलीतील व्हेनुसिया या गावी त्याचा जन्म झाला. त्याचा बाप एके काळी गुलाम होता. पुढे त्याला मुक्ती मिळाली, त्याने थोडीशी शेती केली, आणि लिलावाच्या व्यवहारात पैशांची वसुली करण्याच्या धंद्यावर तो पोट भरी. गावातल्या शाळेत लष्करी अंमलदारांची दांडगी मुले डाव्या हातात पाटी-दप्तर अडकवून जात. आपला मुलगा त्यांच्यात बसून चार हिशेब शिकला की झाले, असे या बापाने मानले नाही. त्याने पोराला उचलले आणि थेट रोमला नेले. सरदार-दरकदारांची मुले ज्या शिक्षकांपाशी शिकत, त्यांच्यापाशी नेऊन बसवले, आणि एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाताना स्वतः राखणदारासारखा सोबत राहिला. त्या शिक्षकांत ऑर्बिलियस नावाचे एक गुरुजी होते. छडी चालविण्याबद्दलची त्यांची ख्याती त्यांच्या या शिष्यानेच अमर करून ठेवली आहे!

पुढे कीर्तीच्या शिखरावर असताना होरेसने या बापाविषयी जे लिहिले ते साऱ्या प्राचीन वाङ्मयात दुर्मिळ आहे. मुक्त गुलामाचा पोर म्हणून लोक त्याला हिणवीत. यावर तो म्हणतो की आईबाप नव्याने निवडण्याची मुभा मिळाली तर इतरांनी खुशाल मोठमोठी घराणी निवडावीत. आपण मात्र आपलेच आईबाप घेऊ. बापाने त्याला नीतीचे ग्रंथ पढवले नव्हते. रस्त्याने जाताना तो शेजारच्या माणसांकडे बोट दाखवी: हा पाहा, वडिलांची मिळकत उधळून बसला; तो पाहा, लोक त्याला किती मानतात. होरेसचे शहाणपण जन्मभर याच जातीचे राहिले. ते माणसांकडे पाहून आलेले आहे.

वयाच्या विशीत तो उच्च शिक्षणासाठी अथेन्सला गेला. त्याच सुमारास, इ. स. पू. ४४ च्या १५ मार्चला, रोममध्ये ज्यूलियस सीझरचा खून झाला. खुनाच्या कटाचा एक पुढारी ब्रूटस त्या वर्षाच्या उत्तरार्धात अथेन्सला येऊन पोहोचला. प्रजासत्ताक वाचवायचे आहे, एकाच माणसाची सत्ता नको, असे सांगणाऱ्या त्या गंभीर पुरुषाभोवती तिथले रोमन विद्यार्थी जमले नसते तरच नवल! होरेस पुस्तके मिटून सैन्यात दाखल झाला. ब्रूटसने त्याला ‘ट्रिब्यून’ हा वरिष्ठ लष्करी हुद्दा दिला. मुक्त गुलामाच्या मुलाने पलटणीवर हुकूम चालवावा, हे अनेकांना खुपले.

इ. स. पू. ४२ च्या ऑक्टोबरात मॅसिडोनियातील फिलिपी येथे निकाल लागला. एका बाजूला ब्रूटस आणि कॅशियस, दुसऱ्या बाजूला अँटनी आणि सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन. दोन लढाया झाल्या, कॅशियस आणि ब्रूटस या दोघांनीही आत्महत्या केली, आणि रोमन प्रजासत्ताकाची आशा त्या मैदानावर संपली. होरेस पळाला. पळताना ढाल टाकून दिली, हे त्याने स्वतःच पुढे एका कवितेत सांगितले आहे. ढाल टाकून पळाल्याचे त्याच्या आवडत्या ग्रीक कवींनीही लिहिले होते, तेव्हा या तपशिलात काव्यपरंपरेचा अंश असू शकेल. पण पराभव आणि पलायन ही काही कल्पना नव्हती.

पराभूतांना माफी मिळाली, त्या माफीवर तो इटलीत परतला. तोवर बाप वारला होता. विजयी सैनिकांना जमिनी देण्यासाठी इटलीतील ज्या गावांतील शेते जप्त झाली, त्यांत व्हेनुसियाही होते. वडिलोपार्जित घर आणि शेत दोन्ही गेली. त्याने कसेबसे सरकारी खजिन्यातले कारकुनाचे पद मिळवले आणि फावल्या वेळात तो कविता लिहू लागला. दारिद्र्याने आपल्याला कविता करायचे धाडस दिले, असे तो हसत सांगतो. त्या काळातल्या त्याच्या कविता कडवट आहेत. भावाने भावाचा गळा कापण्याचे वेड या नगरीला का लागले आहे, असे तो पोटतिडकीने विचारतो. तो पंधरा वर्षांचा असताना सुरू झालेली ही यादवी ॲक्टियमच्या लढाईपर्यंत, म्हणजे त्याच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत, मधूनमधून पेटतच राहिली. त्याचे सारे तारुण्य असे गेले.

आता दैवाची फेरी उलटली. व्हर्जिल आणि व्हेरियस या कविमित्रांनी त्याची मीसीनसशी गाठ घालून दिली. मीसीनस हा ऑक्टेव्हियनचा उजवा हात आणि साहित्यिकांचा मोठा आश्रयदाता. पहिल्या भेटीत होरेस अडखळत चार शब्द बोलला. आपण कोणा बड्या बापाचे बेटे नाही, हे त्याने साफ सांगितले. नऊ महिने गेले आणि मग मीसीनसने त्याला पुन्हा बोलावून आपल्या मित्रांत घेतले. काही वर्षांनी रोमच्या ईशान्येस सबाइन टेकड्यांत त्याला एक लहानशी शेतवाडी लाभली. थोडी जमीन, घराजवळ बारमाही झरा, वर थोडीशी राई. आजच्या लिचेंझा गावाजवळ जुन्या घराचे जे अवशेष खणून काढले आहेत, ते याच घराचे असे सामान्यतः मानले जाते.

इथेच होरेसवरचा मुख्य आरोप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ब्रूटसच्या झेंड्याखाली लढलेला हा माणूस शेवटी विजेत्याच्या मंत्र्याचे अन्न खाऊ लागला. ज्याने प्रजासत्ताक बुडवले त्या ऑक्टेव्हियनची, म्हणजेच पुढच्या ऑगस्टसची, त्याने स्तुतिगीते लिहिली. मग हा मिंधा झाला, असे का म्हणू नये?

स्तुती त्याने केली, हे खरे. इ. स. पू. १७ मध्ये ऑगस्टसने रोमच्या नव्या युगाचा महोत्सव केला तेव्हा त्याचे स्तोत्र होरेसनेच रचले. ३ जूनला २७ मुलगे आणि २७ मुली यांनी ते गायिले. त्या उत्सवाचा संगमरवरी शिलालेख १८९० साली तिबर नदीच्या काठी सापडला. त्यावर रचनाकार म्हणून त्याचे नाव स्वच्छ कोरलेले आहे. पण या स्तुतीमागे केवळ भाकरीची ओढ होती असे वाटत नाही. सारे तारुण्य यादवीत पाहिलेल्या माणसाला शांततेचे मोल कळते. ती शांतता कोणी आणली एवढ्याच कारणासाठी तिला नाकारणे त्याला पटले नसावे.

उलट बाजूचा पुरावाही आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. एकदा ऑगस्टसने मीसीनसला लिहिले की कामाचा व्याप वाढला आहे, प्रकृती बरी नाही, तेव्हा तुझा होरेस माझा पत्रव्यवहार पाहायला दे. साऱ्या रोमन जगाचा धनी, त्याच्या चिटणिशीची जागा! रोममधले किती लोक यासाठी नवस बोलले असते! होरेसने नम्रपणे नकार दिला. बादशहा रागावला नाही, पुढेही त्याच्याशी थट्टामस्करीने पत्रव्यवहार करीत राहिला, ही गोष्ट ऑगस्टसच्याही मोठेपणाची आहे.

दुसरा प्रसंग मीसीनसचा. पाच दिवसांत परततो असे सांगून होरेस वाडीवर गेला आणि सारा ऑगस्ट महिना तिकडेच राहिला. मीसीनसने तगादा लावला. तेव्हा होरेसने पद्यात एक पत्र लिहिले आणि त्यात एका कोल्ह्याची गोष्ट सांगितली. रोडका कोल्हा भोकातून धान्याच्या कणगीत शिरला, पोट फुटेस्तोवर खाल्ले, आणि मग त्याला बाहेर पडता येईना. जवळच असलेल्या मुंगसासारख्या एका प्राण्याने त्याला सांगितले की बाबा, आलास तसा रोड हो, तरच सुटशील. पुढे होरेस उपकारकर्त्याला स्पष्ट सांगतो की ही गोष्ट मला लागू होत असेल तर मिळालेले सारे मी परत करतो. मीसीनसचे उपकार तो विसरत नाही, त्याच पत्रात तो ते मानतोही. पण उपकाराच्या बदल्यात स्वातंत्र्य द्यायला तो तयार नाही. आणि मीसीनसने मैत्री तोडली नाही.

तिसरा पुरावा त्या ढालीच्याच कवितेचा. ती फिलिपीच्या जुन्या सोबत्याला उद्देशून आहे. पुष्कळ वर्षांनी घरी परतलेल्या त्या मित्राचे तो स्वागत करतो; आपण दोघे ब्रूटसच्या हाताखाली होतो हे उघडपणे म्हणतो. इ. स. पू. २३ मध्ये, ऑगस्टसच्या अमलाखाली, ८८ गीतांच्या तीन भागांच्या संग्रहात ही कविता त्याने प्रसिद्ध केली. पूर्वीची निष्ठा लपवावी, पुसून टाकावी, असे त्याला वाटले नाही. मिंधा माणूस आधी आपला भूतकाळ विकतो. होरेसने तो विकला नाही.

आता त्याच्या उपदेशाकडे वळू. आजचा दिवस दवडू नये, या त्याच्या सुप्रसिद्ध वचनाचा अर्थ खा, प्या, मजा करा एवढाच घेतला जातो. ती कविता मुळात एका स्त्रीला उद्देशून आहे. आपले आयुष्य किती, याचा निवाडा ती बाबिलोनी ज्योतिषाच्या आकड्यांत शोधू पाहते आहे. बाहेर हिवाळी समुद्र खडकांवर आपटतो आहे. होरेस तिला सांगतो की ही विचारणा सोडून दे. आणि त्या छोट्या कवितेतली क्रियापदे पाहा: मद्य गाळणे, वाढलेली आशा छाटणे, दिवस खुडणे. ही सारी द्राक्षमळ्यातल्या आणि फळबागेतल्या कामाची भाषा आहे. वेल छाटली नाही तर ती नुसती पसरते, फळ धरत नाही. फळ पिकले की त्याच वेळी खुडावे लागते; उद्या ते सडते. ज्याची जमीन एका फर्मानाने गेली, ज्याच्या पिढीने उद्याच्या नावाखाली इतके रक्त सांडले, त्या माणसाचा हा सल्ला आहे. चैनीची ती शिफारस नव्हे.

याला जोड म्हणून एका तरुणाला लिहिलेले पत्र वाचावे. नीट जगायला आरंभ करण्याची घटका जो पुढे ढकलतो, त्याला होरेस नदीकाठच्या खेडवळाची उपमा देतो. नदीचे पाणी वाहून संपले म्हणजे पलीकडे जाऊ, असे म्हणून हा गडी काठावर बसला आहे. आणि नदी तर वाहतच राहणार. शहाणे होण्याचे धैर्य धर, असेही तो याच ठिकाणी सांगतो. त्यातलेच दोन शब्द पुढे १७८४ साली जर्मन तत्त्वज्ञ कांट याने प्रबोधनावरील आपल्या निबंधात त्या युगाचे ब्रीद म्हणून घेतले. आज करायचे ते आज, याचा अर्थ होरेसच्या मनात असा होता.

दुसरा उपदेश मध्यम मार्गाचा. तो लिसिनियस नावाच्या गृहस्थाला सांगितला आहे. सदा भर समुद्रात गलबत घालू नये आणि वादळाच्या भीतीने खडकाळ किनाऱ्यालाही चिकटू नये. पडक्या घरात राहू नये आणि लोकांच्या डोळ्यांत खुपणारा वाडाही बांधू नये. वारा फारच अनुकूल झाला तर शिडे आवरावीत. हा लिसिनियस म्हणजे मीसीनसचा मेहुणा मुरेना, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऑगस्टसविरुद्धच्या कटात त्याचे नाव आले आणि इ. स. पू. २२ च्या सुमारास त्याला मृत्युदंड झाला. हे ध्यानात घेऊन ती कविता वाचली म्हणजे मध्यम मार्ग हा भित्र्याचा मार्ग वाटत नाही. ज्या राजवटीत एका चुकीच्या पावलाने शिर जात होते, तिथे एका मित्राने दुसऱ्याला वेळीच दिलेला तो इशारा आहे.

या दोन्ही उपदेशांच्या मुळाशी एकच शब्द आहे: पुरे. माणसाने कुठे थांबावे हे त्याला कळावे, यावर होरेस उपरोधिकांत, गीतांत, पत्रांत पुन्हा पुन्हा येतो. एका पत्रात त्याने असा व्यापारी रंगवला आहे की जो दारिद्र्याच्या धाकाने समुद्र, खडक, आग यांतून धावत थेट हिंदुस्थानपर्यंत जातो. ही केवळ कवीची अतिशयोक्ती नव्हती. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील एका बंदरातून १२० गलबते हिंदुस्थानकडे जातात, असे त्याच काळातल्या स्ट्रेबो या भूगोलकाराने नोंदवले आहे. पुढच्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात आपले सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही नावे येतात. म्हणजे होरेसने थट्टा केलेला तो धापा टाकणारा व्यापारी आपल्याच किनाऱ्यावर उतरत होता! व्यापाराला होरेसचा विरोध नाही. त्याचा सवाल एवढाच, की जो भीतीपोटी धावतो तो कुठे पोहोचल्यावर थांबणार?

होरेसच्या शहाणपणालाही मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर ही नुसती आरती होईल. त्याची वाडी आठ गुलामांच्या कष्टावर चालत होती. ज्याचा बाप गुलामीतून सुटला होता, त्याला यात विसंगती दिसली नाही का? थोडी दिसली असावी. एका उपरोधिकेत त्याने डेव्हस नावाच्या आपल्या गुलामाला सणाच्या दिवशी मोकळेपणाने बोलू दिले आहे. डेव्हस धन्याला सुनावतो की तू गावात असलास की तुला खेडे हवे, खेड्यात असलास की गाव हवे. तुझ्यावर तर तुझ्या वासनांची मालकी आहे, मग आपल्यात गुलाम कोण? उत्तर न सुचलेला धनी शेवटी त्याला दगड मारायला धावतो आणि शेतावर नववा मजूर म्हणून धाडण्याची धमकी देतो. स्वतःवर असे हसणारा कवी मोठाच. पण डेव्हस गुलामच राहिला, हेही खरे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. देशासाठी मरण्याचा गोडवा गाणारी एक ओळ त्याच्या एका गीतात आहे. १९१३ साली ती इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात कोरली गेली. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. विषारी वायूने गुदमरून मरणाऱ्या सैनिकाचे मरण डोळ्यांनी पाहिलेल्या विल्फ्रेड ओएन या तरुण इंग्रज कवीने त्याच ओळीला खोटे म्हणून जाहीर केले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, तो स्वतः मारला गेला. या वादात मी ओएनच्या बाजूचा आहे. आणि मला वाटते, फिलिपीच्या मैदानावरून पळालेला बावीस वर्षांचा होरेसही कदाचित त्याच बाजूला उभा राहिला असता. थोरांची वचने भिंतीवर कोरण्यापूर्वी त्यांचे सारे आयुष्य वाचावे, एवढा धडा यातून घ्यावा.

इ. स. पू. ८ मध्ये मीसीनस वारला. माझ्याइतकीच होरेसची आठवण ठेवा, असे त्याने अखेरीस ऑगस्टसला कळवले होते. पण ती आठवण ठेवायची फारशी वेळच आली नाही. दोन महिन्यांच्या आत, २७ नोव्हेंबरला, होरेसही गेला. सत्तावन्न वर्षे पुरी व्हायला अकरा दिवस कमी होते. एस्क्विलाइन टेकडीवर मीसीनसच्या थडग्याशेजारी त्याला पुरले. आपले काव्य ब्राँझच्या स्मारकापेक्षा टिकाऊ ठरेल, असा त्याने केलेला दावा काळाने खरा केला. चौदाव्या शतकात पेट्रार्कने त्याला जिवंत मित्रासारखे पत्र लिहिले. अठराव्या शतकात व्हॉल्टेअरनेही तसेच केले. राजे गेले, रोमही गेले, पण त्याच्याशी बोलावेसे वाटणारी माणसे संपली नाहीत.

आरंभीच्या प्रश्नाला होरेसचे उत्तर मला असे दिसते. हरलेल्या माणसाने आपला पराभव नाकारू नये आणि तो मिरवूही नये. ज्याने वाढवले त्या बापाला विसरू नये, ज्यांच्याबरोबर लढलो त्यांना परके म्हणू नये. विजेत्याने केलेले चांगले असेल त्याला चांगले म्हणावे. पण त्याच्या पंगतीत किती जेवायचे हे आपण ठरवावे, आणि कणगीचे भोक आपल्या अंगाहून लहान होण्यापूर्वी बाहेर पडावे. हे उत्तर वीराचे नाही. ब्रूटसने वीराचे उत्तर दिले आणि तो रणांगणावरच संपला. पण ज्यांना त्यानंतरही जगायचे होते, संसार करायचे होते, कामावर जायचे होते, अशा असंख्य सामान्य माणसांच्या उपयोगी पडेल असे उत्तर होरेसने दिले, आणि ते त्याने आधी स्वतः जगून पाहिले होते.

‘पुरे’ या शब्दावर इतके बोलल्यावर वक्त्यानेही तो पाळला पाहिजे. म्हणून इथेच आपली रजा घेतो.